एडिट केलेल्या फोटोवर खरं मत कसं मागावं आणि दुसऱ्याच्या फोटोवर कसं द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत हौसेने फोटो काढता, लाइटरूम या फोटो एडिट करायच्या ॲपमध्ये एडिट करता आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकता. अर्धे जण ‘अप्रतिम’ म्हणतात, एखादा ‘जास्तच एडिट झालाय’ म्हणतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय दुसऱ्याच्या फोटोवर काय लिहावं, हेही तुम्हाला सुचत नाही.

आधी मागण्याबद्दल. नुसता फोटो टाकून ‘कसा वाटला?’ विचारलं तर ‘छान’ हेच उत्तर येणार, लोकांचा त्यात काही दोष नाही. सोबत एडिट न केलेला मूळ फोटो द्या, काय दाखवायचं होतं ते एका वाक्यात लिहा आणि तुम्हाला स्वतःला जिथे खटकतंय ती जागा सांगा. ‘चेहरा निळसर वाटतोय का?’ असं विचारलं की समोरचा माणूस चेहरा बघतो. एवढ्यानेच संभाषणाचा दर्जा बदलतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते मला फार शिकवून गेलं. आमच्या ओळखीतल्या एकीने दादर पश्चिमेच्या फूलबाजारात सकाळी फोटो काढला होता. झेंडूचा ढीग, शेजारी तराजू धरलेला फूलवाला, वर निळी ताडपत्री. प्रतिक्रिया आली, ‘भडक झालाय’. तिने सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, कमी केलं, तर सगळा फोटोच मलूल पडला. मग आमच्यातल्या एका अनुभवी काकांनी लॅपटॉपवर तो मोठा करून बघितला. झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या दिसतच नव्हत्या, नुसता केशरी लगदा. एकूण हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती, हे दाखवणारा आलेख) ठीक होता, पण लाल चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन थरांपैकी लालचा आलेख, उजव्या म्हणजे सर्वांत उजळ कडेला जाऊन आपटला होता. केशरी रंगात हे नेहमी होतं: हिरवा आणि निळा आटोक्यात असतात आणि लाल एकटाच उडतो, म्हणजे मर्यादेला टेकून बारकावे गमावतो, त्यामुळे सरासरी बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पण तो लाल का उडाला? ताडपत्रीतून गाळून आलेल्या उजेडाने माणसाचा चेहरा निळा पडला होता. तो सुधारायला तिने अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळसर-पिवळसर तोल) उबदार, म्हणजे पिवळसर, केला. चेहरा माणसात आला, पण बाहेरच्या उजेडात पडलेला झेंडू लालभडक झाला. उपाय साधा होता. व्हाइट बॅलन्स पुन्हा मागे आणायचा, चेहऱ्यावर मास्क टाकून तेवढाच भाग उबदार करायचा आणि केशरी रंगाची उजळी थोडी खाली घ्यायची. सॅच्युरेशनला हात लावायची गरजच नव्हती. पाकळीची कड न् कड परत आली.

‘भडक’ म्हणणाऱ्याचा डोळा बरोबर होता. त्याला खटकलं ते खरंच होतं, फक्त दुखणं भलतीकडे होतं. म्हणून बघणाऱ्याची तक्रार नेहमी गांभीर्याने घ्या, त्याने सुचवलेला इलाज मात्र तपासून मगच घ्या. ‘कुठे खटकलं?’ एवढं विचारा. ‘काय करू?’ हे नंतर.

इथे फाइलचा मुद्दाही येतो. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, प्रत्येक चॅनलला उजळपणाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेग या नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये फक्त २५६. ‘सावल्या अजून उचल’ हा सल्ला रॉवर चालतो. जेपेगवर तेच केलं की काळ्या भागात दाणे येतात आणि आकाशात पट्टे पडतात. तेव्हा मूळ फाइल कोणती, हे मागणाऱ्याने सांगावं आणि देणाऱ्याने विचारावं.

आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. तिथे तो दाबला जातो, बारीक पोत जातो आणि मग ‘शार्प नाही’ अशी मतं येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बघणाऱ्यानेही लोकलमध्ये उभ्याने, फोनचा डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड चालू ठेवून रंगांवर मत देऊ नये. तो मोड सगळंच पिवळं करतो. रंगाबद्दल बोलायचं असेल तर घरी गेल्यावर बोला, चौकटीबद्दल लगेच बोललात तरी चालेल.

आता मत देण्याबद्दल. मी पहिल्यांदा माझी नजर कुठे गेली ते सांगतो. ‘मला आधी कोपऱ्यातली पांढरी पिशवी दिसली, मग आजी दिसल्या.’ यात शहाणपणा शिकवल्याचा वास येत नाही, आणि फोटो काढणाऱ्याला जे स्वतःहून कधीच कळणार नाही तेच नेमकं कळतं, कारण त्याला आजी कुठे आहेत ते आधीपासून माहीत असतं.

मग कारागिरी. मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळच्या फोटोत डीहेझ (धुरकं कमी करणारा स्लायडर) ओढला की मलबार हिलच्या इमारतींभोवती उजळ कडा उमटते. ती दिसली तर बोट ठेवून दाखवावी. हिवाळ्यात मुंबईच्या हवेत धुरकं असतंच, ते थोडं राहू दिलं तर बिघडत नाही, हे माझं मत. आणि ‘हे माझं मत’ असंच म्हणून सांगावं. कारागिरीतली चूक आणि आपली आवड एकाच वाक्यात मिसळली की समोरच्याला वाटतं, याला माझी शैलीच पसंत नाही.

निसर्गाच्या फोटोत तिसरी गोष्ट येते, खरेपणाची. शिवडीला किंवा भांडुपला फ्लेमिंगो काढले आणि गुलाबी रंग वाढवला तर तो नुसता आवडीचा प्रश्न राहत नाही. मोठा फ्लेमिंगो फिकट असतो, त्याची चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान फ्लेमिंगो जास्त गुलाबी, चोच गडद लाल. रंग ओढला की ओळख पटवायची एक खूण जाते. स्पर्धांच्या निसर्ग विभागात क्रॉप चालतो, पण फांदी पुसणं किंवा जास्तीचा पक्षी घालणं चालत नाही. इथे ‘मला आवडला’ म्हणून गप्प बसू नये.

आणखी एका ठिकाणी मी कधीच गप्प बसत नाही. आपल्याकडे माणसाचा फोटो एडिट करताना त्वचा उजळवायची सवय हाडीमाशी खिळली आहे. कोळीवाड्यातल्या मावशीचा सावळा, उन्हाने रापलेला चेहरा शॅडो उचलून उचलून राखाडी करून टाकतात आणि त्याला ‘फ्रेश’ म्हणतात. हे दिसलं की मी मूळ फोटो मागतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि विचारतो, ‘मावशींना हा दाखवला तर त्या स्वतःला ओळखतील का?’ हे चारचौघांत लिहू नका, खासगीत लिहा. पण लिहाच. गळ्यातल्या सोन्याची झळाळी त्या सावळ्या रंगावरच उठून दिसते. उजळ केलेल्या चेहऱ्याशेजारी ते सोनंही पितळेसारखं वाटतं.

दोघांनी परस्परविरोधी मतं दिली तर? एक म्हणतो अजून काळोख हवा, दुसरा म्हणतो उजळ कर. त्या दिवशी काहीच करू नका. तासभर एकाच फोटोकडे बघून डोळे त्या रंगाला सरावतात आणि भडकही साधं दिसू लागतं. सकाळी पुन्हा उघडा, मूळ फोटो आधी बघा, मग एडिट. बहुतेक वेळा कोण बरोबर ते पहिल्या दोन-तीन सेकंदांत कळतं. नाहीच कळलं तर दोन्ही आवृत्त्यांचे लहान प्रिंट काढा, मॅट कागदावर. मॅटवर गडद सावल्या अजून मिटतात, त्यामुळे काळोख जास्त झाला असेल तर तिथेच उघडा पडतो. ग्रुपमधले दोघं-चौघं भेटणार असाल तर ते प्रिंट टेबलावर ठेवा आणि कुठला कुणाच्या सल्ल्याने झाला, ते आधी सांगू नका.