‘बेळे’ म्हणजे पीक की डाळ?

प्रश्न : मी येळ्ळूरची, वय २३. पहिली ते दहावी गावातल्या मराठी शाळेत शिकले, पुढे बेळगावात बी. ए. केलं. कर्नाटक पोलिसात पीएसआय व्हायचं आहे. पळायची भीती नाही. पण लेखी परीक्षेत कन्नड लिहावं लागतं हे कळल्यापासून धीर सुटलाय. बोलता येतं, अडखळत वाचताही येतं. लिहायला बसले की हात थांबतो. काका म्हणतात, कन्नडच्या नादाला लागू नको, महाराष्ट्रातली परीक्षा दे. मैत्रिणी म्हणतात, आपल्याला इथं कोण घेणार? मी काय करू?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : बाळ, मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मला घेतलं. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या अलीकडच्या एका खेड्यातला. सातवीपर्यंत मराठी शाळा, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. कर्नाटक पोलिसात एकतीस वर्षं नोकरी केली आणि फौजदार (पीएसआय) म्हणून निवृत्त झालो. पहिल्या खेपेला लेखीत पडलो, तेही भाषांतरातच. त्यामुळे तुझा हात कुठं थांबतो ते मला ठाऊक आहे.

पेपर नीट समजून घे. लेखी दोन भागांत असते, एकूण २०० गुण. पहिला पेपर ५० गुणांचा, हातानं लिहायचा : निबंध २०, सारांश १०, भाषांतर २०. भाषांतर दोन्हीकडून, कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून कन्नडमध्ये. निबंधाला कन्नडमध्ये ‘प्रबंध’ म्हणतात; तो शब्द बघून दचकू नकोस. दुसरा पेपर १५० गुणांचा, १०० प्रश्न, पर्यायांचे. प्रत्येक प्रश्नाला दीड गुण, आणि उत्तर चुकलं की ०.३७५ वजा. म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खाऊन टाकतात. क्लासवाली मुलं या दुसऱ्या पेपरवर तुटून पडतात आणि पहिल्याला शेवटचे पंधरा दिवस देतात. तू उलटं कर. दुसऱ्या पेपरात पुढची सगळी मुलं दोन-चार गुणांच्या अंतरात असतात. हाताच्या पेपरात मात्र दहा-बारा गुणांची तफावत सहज पडते.

आता कन्नड. तुला वाटतं तितकी ही भाषा लांबची नाही. ‘नानु निन्ने ऊरिगे होदे.’ मी काल गावाला गेले. शब्दावर शब्द ठेवून बघ, एकही जागा हलत नाही. इंग्रजीचं वाक्य आधी मनात मराठीत आण आणि मराठीवरून कन्नडमध्ये उतरव. क्रियापद आपोआप शेवटी जाऊन बसतं. ठाण्याचे शब्द तर निम्मे आपलेच आहेत. फिर्यादी, आरोपी, पंचनामे, जप्ती, जामीनु. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्याच्या खुणा आजही कागदोपत्री सापडतात.

पण सारखे दिसणारे शब्दच पाय ओढतात. ‘अवसर’ म्हणजे तिकडं घाई. ‘अवकाश’ म्हणजे संधी. ‘अभ्यास’ म्हणजे सराव. आणि ‘अनुमान’ म्हणजे संशय. हा शेवटचा शब्द मी कधी विसरत नाही. एका ठाण्यात नवा असताना एक म्हातारी आली होती. गोठ्यातनं म्हैस गेली होती. ती मराठीत सांगत होती, लिहिणारा कन्नडमध्ये लिहीत होता. तिच्या दिराच्या पोराला तिनं आदल्या संध्याकाळी गोठ्यापाशी बघितलं होतं, एवढंच ती बोलली. कागदावर त्या पोरावर ‘अनुमान’ आहे असं उतरलं. सोबतच्या मुलानं अक्षरं लावत ते वाचलं, अनुमान म्हणजे अंदाज असं धरलं आणि आईला म्हणाला, ‘कर अंगठा.’ मी कागद घेऊन तिला मराठीत वाचून दाखवला. म्हातारी ताडकन उठली. ‘मी त्याच्यावर आळ कुठं घेतला? तो माझ्या घरात जेवतो!’ तो कागद परत लिहिला गेला.

म्हणून तुला सांगतो, भाषांतराचे ते २० गुण म्हणजे या भागातल्या फौजदाराचं रोजचं काम आहे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी खबर लिहून घ्यायची, खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची. (आम्ही हे फौजदारी संहितेच्या १५४ खाली पाठ केलं होतं, तू नवे आकडे पाठ कर, भारतीय न्याय संहितेत खून आता १०३ आहे, जुन्या दंडसंहितेतला ३०२ नव्हे.) मराठीतनं ऐकून नेमकं कन्नड लिहिणारा आणि तेच परत मराठीत वाचून दाखवणारा अधिकारी येळ्ळूर, कडोली, उचगावच्या माणसाला हवाच आहे. तुझं मराठी तिथं आड येत नाही, उपयोगी पडतं. कन्नड लिहायला शिकणं म्हणजे आपल्या माणसांची साथ सोडणं, असं कुणी तुला ऐकवलं तर मनावर घेऊ नकोस. मलाही ऐकवलं होतं, आणि ते लागलं होतं.

लिहिण्याची सवय अशी लाव. बेळगावच्या शहापुरात मी खोली घेतली होती. घरमालकांची आई निवृत्त कन्नड शिक्षिका. रोज कन्नड पेपरातली एक बातमी मी मराठीत उतरवायचो, पेपर झाकून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच मराठीवरून ती परत कन्नडमध्ये लिहायचो. मग मूळ बातमीशी ताडून बघायचो. बाई लाल शाईनं खुणा करायच्या. एकदा अतिवृष्टीची बातमी होती, शेतातलं पीक वाहून गेलं. ‘बेळे’मधला ‘ए’ आखूड असला तर पीक, लांबवला तर डाळ. मराठीत आपण हा फरक लिहितच नाही, त्यामुळे कानालाही तो कळत नाही. मी लांब लिहिला होता. बाईंनी माझ्याकडून दोन्ही शब्द शंभर वेळा मोठ्यानं म्हणवून घेतले, तेव्हा कुठं कान उघडला. ‘ओ’चंही तसंच : ‘कोडु’ आखूड म्हणजे दे, लांब म्हणजे शिंग. पहिले तीन महिने फक्त या आखूड-लांबवर आणि ल-ळ वर घाल. जड शब्दांच्या मागं लागू नकोस; साधी, शुद्ध वाक्यं लिही. आणि शिकवणारं माणूस शोध. बेळगावात गल्लीगल्लीत निवृत्त कन्नड शिक्षक आहेत. मराठी मुलगी शिकायला दारात आली तर कुणी हाकलत नाही, माझा अनुभव आहे.

सामान्यज्ञानाला घरापासून सुरुवात कर. कित्तूरच्या राणी चन्नम्माचं इंग्रजांविरुद्धचं बंड १८२४, संगोळ्ळी रायण्णाला फाशी १८३१, आमच्या नंदगडात. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४, टिळकवाडीत. त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तू जाता-येता बघत असशील. कन्नड साहित्यावर प्रश्न येतातच. द. रा. बेंद्र्यांना १९७३ चं ज्ञानपीठ कन्नडसाठी मिळालं आणि त्यांच्या घरची भाषा मराठी होती, हे लक्षात ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांना ५ टक्के राखीव जागा असतात, त्या तुला नाहीत. पण ग्रामीण भागात शिकलेल्यांच्या २५ टक्क्यांत तू बसू शकतेस. त्याचा दाखला मुख्याध्यापक देतात आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. तो आत्ताच काढ, जाहिरात आल्यावर तिथं रांग लागते. मराठा समाजातली असशील तर कर्नाटकात तो ३ ब प्रवर्गात आहे, तहसीलचा दाखला काढून ठेव.

मैदानी चाचणी लेखीच्या आधी होते. मुलींना ४०० मीटर दोन मिनिटांत, चार किलोचा गोळा, आणि लांब किंवा उंच उडीपैकी एक. तू राजहंसगडाच्या पायथ्याची, दमात कमी पडणार नाहीस. गोळ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस, बऱ्याच मुली तिथंच अडतात. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी सराव करणारी मुलं असतात, त्यांच्यात जाऊन गोळा मानेशी धरून ढकलायला शिक, फेकायला नव्हे.

काकांचं म्हणणंही चुकीचं नाही. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना एमपीएससी देता येते. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. राज्यघटना, गणित-बुद्धिमत्ता, देशाचा इतिहास दोन्हीकडे चालतो. पण तिकडचा भूगोल, राज्याचा इतिहास आणि भाषेचा पेपर वेगळा. दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. पहिलं वर्ष एकालाच दे. मला विचारशील तर इथल्याच परीक्षेला दे, कारण तू पत्रात आधी तेच लिहिलंयस. तुझं पहिलं कन्नड पान मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी लाल शाईनं तपासून परत धाडीन.

प्रश्न : मुलगा पीएसआयची तयारी करतो. एक ओळखीचा माणूस म्हणतो, पैसे भरा, उत्तरपत्रिकेचं आम्ही बघतो. शेत विकून भरावेत का?
— एक वडील, निपाणी

उत्तर : नाही. दादा, त्या माणसाला घरातही घेऊ नका. ३ ऑक्टोबर २०२१ ला ५४५ जागांची परीक्षा झाली. त्यात उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचं उघड झालं, सीआयडीनं उमेदवारांना आणि पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सगळी परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणानं २३ जानेवारी २०२४ ला घेतली. मधली दोन वर्षं प्रामाणिक पोरांनी कशी काढली, ते मी जवळून बघितलंय. पैसे देणाऱ्यांची शेतंही गेली आणि पोरांवर गुन्हेही दाखल झाले. लाच देणाराही आरोपी होतो, हे मुलाला समोर बसवून सांगा. त्या माणसाशी फोनवर बोलू नका, चिठ्ठी घेऊ नका, आगाऊ म्हणून शंभर रुपयेसुद्धा देऊ नका. शेत राहू द्या. त्यातल्या उत्पन्नातनं मुलाला वर्षभर बेळगावात खोली करून द्या आणि महिन्यातनं एकदा जाऊन त्याची वही बघून या.