टाउनहॉलमध्ये कामगार गप्प का?

प्रश्न : वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दर तीन महिन्यांनी टाउनहॉल, म्हणजे साहेब आणि सगळ्या कामगारांची सभा होते. साहेब तासभर बोलतात. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की सगळे खाली बघतात. काय करावं?
– एचआर अधिकारी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मागच्या वेळी विचारलं त्याचं पुढे काय झालं हे कळलं नाही, की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून सुरुवातच तिथून करा. मागचे प्रश्न फलकावर लिहा: काम कुणाकडे, तारीख कोणती, झालं की राहिलं. राहिलेलं लपवू नका.

सभा 45 मिनिटांची ठेवा. साहेबांना 15 मिनिटं पुरेत, बाकी वेळ प्रश्नांना. विक्रीच्या आलेखापेक्षा ऑर्डर घटली तर ओव्हरटाइमचं काय होणार, हे ऐकायला लोक थांबतात. पण शिफ्ट सुटल्यावर कुणी थांबणार नाही; गंगापूर-पैठणकडे जाणाऱ्यांचं लक्ष बसकडे असतं. पहिल्या शिफ्टची सभा कामाच्या वेळेतच संपवा, रात्रपाळीची वेगळी घ्या. कंत्राटी कामगारांनाही बसवा. जागा कँटीनची बरी. शेडमध्ये आवाज घुमतो. सुपरवायझर मागे बसू देत, पुढे उभे राहून कोण बोलतंय ते बघायला नको.

चिठ्ठ्यांची पेटी आठ दिवस आधी हात धुण्याच्या जागेपाशी ठेवा. एचआरच्या दाराशी किंवा कॅमेऱ्याखाली ठेवली तर रिकामीच राहील. नावाची सक्ती नको. आणि चिठ्ठी जशीच्या तशी वाचा. ‘डाळ नुसतं पाणी असते’ याचं ‘भोजनाच्या दर्जाबाबत सूचना’ केलं, की लिहिणाऱ्याला कळतं, आपलं म्हणणं वर पोचलंच नाही. सगळ्यात अवघड चिठ्ठी पहिली घ्या. उत्तर तीनच प्रकारचं असावं: ‘होईल, अमुक तारखेला’; ‘होणार नाही, या कारणाने’; ‘माहीत नाही, अमुक दिवशी फलकावर लावतो’. ‘बघू’ म्हणालात की सभा तिथेच संपली.

प्रश्न : पगारवाढीचं कुणी विचारलं तर?

उत्तर : युनियनशी कराराची बोलणी चालू असतील तर आकडा बोलू नका; ती कुठवर आली एवढं, तेही युनियनच्या प्रतिनिधींशी आधी ठरवून सांगा. एखाद्याच्या पीएफची किंवा पगारपत्रकाची तक्रार सर्वांसमोर नको. त्यासाठी सभेनंतर अर्धा तास टेबल मांडा, आणि तिथे पगाराचं काम बघणारा माणूसच बसवा.