दीड लाखाची तयार जोडी की दोन अदत खोंड?

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचं पत्र आहे. भाताची अडीच एकर जमीन. नांगरट, रोटर आणि चिखलणीसाठी ट्रॅक्टरवाल्याला वर्षाला १८ हजार जातात. सुगीनंतर १ लाख ६० हजारांची ठेव पिकणार आहे. गावात चांगली शिकलेली, जुळलेल्या दातांची (सगळे कायमचे दात आलेली) बैलजोडी दीड लाखाला मिळते आहे. दोन अदत (दुधाचे दात अजून न पडलेले) खोंड घेतले तर ८० हजारांत काम होतं, पण शिकवावे लागतील. वडील सत्तरीकडे झुकलेत, हयात औत हाकण्यात गेली. मुलगा बेळगावात उद्यमबागेत नोकरीला आहे. काय करावं?

दादा, तयार जोडी घेऊ नका. खोंड घ्या, तेही एका अटीवर. अट पुढे सांगतो.

आधी हिशेब करू. ‘ट्रॅक्टरचे १८ हजार वाचतील’ असं तुम्ही लिहिलंत, पण बैल रोज खातो आणि अडीच एकरांत त्याला वर्षाला फार तर चाळीस-पन्नास दिवस काम असतं. चारेकशे किलोच्या बैलाला रोज साधारण दहा किलो वाळली वैरण लागते, म्हणजे जोडीला वर्षाकाठी सात टन. तुमच्या रानातलं पिंजर (भाताचा पेंढा) चार-पाच टनांच्या वर जात नाही. बांधावरचं गवत आणि चराई धरली तरी थोडी विकत घ्यावी लागेल. तिला ८ हजार धरा. पेंड-भुशाचे महिना दोन हजार तुम्हीच लिहिलेत, त्याचे २४ हजार. नाल, वेसण, औषधपाणी, विमा मिळून ५ हजार. झाले ३७ हजार. त्यातून ट्रॅक्टरचे १८ वजा केले तरी वर्षाला १९ हजार खिशातून जातातच. शेणखत हा फायदा खरा, पण तो पिकात दिसेल, हातात रोख पडणार नाही.

ही तूट भरून निघते ती दुसऱ्याच्या रानात. धूळवाफ (कोरड्या रानातल्या) पेरणीच्या वेळी कुरीला (पाभरीला) आणि पुढे कोळपणीला तुमच्याकडे जोडीचे दिवसाला १,२०० मिळतात असं तुम्ही कळवलंय. म्हणजे सोळा दिवस बाहेरचं काम हवं. आता अट. भाऊबंद आणि शेजारी मिळून सोळा दिवसांचा शब्द देतात का, ते खोंड घ्यायच्या आधी विचारून घ्या. पैऱ्याने (एकमेकांच्या रानात आलटून-पालटून) होणारं काम यात धरू नका, त्यात पैसा फिरत नाही. दहा दिवसही जमत नसतील तर ट्रॅक्टरच बरा. वडील रागावले तरी चालेल.

मग जुळलेली जोडी का नको? बैलाची किंमत दातांवर चढते आणि दातांवरच उतरते. अदत खोंड दुसा (दोन दाती) होतो, चार दाती होतो, जू घेतो, तसा त्याचा भाव वाढत जातो. पाचेक वर्षांचा होऊन दात जुळले की तिथून उतरण. पूर्वी थकलेल्या बैलालाही गिऱ्हाईक असायचं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला बंदी आहे आणि कर्नाटकात २०२१ पासून कडक कायदा लागू आहे. हे बरं की वाईट, तो वाद इथे नको. तुमच्या वहीत त्याचा अर्थ एवढाच की म्हाताऱ्या बैलाची किंमत जवळजवळ शून्य आणि दावणीचा खर्च तेवढाच. दीड लाख घालून तुम्ही नेमका हा उताराचा काळ विकत घेताय, आणि वर हाताशी राहतात फक्त १० हजार. खोंडांचं तसं नाही. पहिल्या वर्षी बाहेरची कमाई नाही, चिखलणीलाही ट्रॅक्टरच लागेल, त्याचे ८ हजार धरले तर तूट २७ हजारांची. ८० आणि २७ मिळून १ लाख ७ हजार. ५३ हजार शिल्लक राहतात, त्यांना हात लावू नका.

खरेदी सुगी झाल्याबरोबर करा. बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) तोंडावर आणि पेरणीआधी भाव चढलेला असतो. उंचीला, चालीला एकमेकांशी जुळणारेच खोंड बघा; एक लांब टांगेचा, दुसरा आखूड, अशी जोड आयुष्यभर जू तिरकं ओढते. पुढचे चार महिने वडिलांचे. आधी हाताची सवय, वेसण, मग नुसतं जू, मग लाकडाचा ओंडका, शेवटी हलक्या रानात कुळव. शेजाऱ्याचा एखादा मुरलेला बैल महिनाभर जोडीला मिळाला तर अर्धं काम तोच करेल. घाईने ओझं टाकलं आणि खोंड औताच्या तासात खाली बसला की मुलगा शेपटी पिरगाळणार. तेवढं होऊ देऊ नका. बसायची खोड एकदा लागली की बाजारात ती लपत नाही, २०-२५ हजार तिथेच जातात. आणि शर्यतीची कमाई हिशेबात घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शर्यतींचे कायदे वैध ठरवले हे खरं, पण नाद वेगळा आणि उत्पन्न वेगळं.

सोसायटीच्या बिनव्याजी पीक कर्जातून बैल घ्यायचा विचार मनात असेल तर सोडा. ती सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते आणि खोंड वर्षभरात पैसे परत देत नाहीत.

विमा मात्र पहिल्याच आठवड्यात. २०२२ च्या लम्पीच्या साथीत जोडीतला एक बैल गमावलेले धनी तुमच्याही भागात असतील. केंद्राच्या पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्के ठेवलाय. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. कानातला बिल्ला पडला तर लगेच नवा मारून घ्या, बिल्ल्याशिवाय दावा मिळत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी.

आणि विकायचं कधी, हे आजच घरात ठरवा. सहा दाती असताना, दात जुळायच्या आत जोडी विकायची आणि पुन्हा अदत खोंड आणायचे, तरच हे गणित बसतं. वडिलांना हे आवडणार नाही. त्यांना खोंड दावणीला बांधायच्या आधी सांगा, तीन वर्षांनी नको.