ओढा आटताना

ठाणे, महाशिवरात्रीच्या अलीकडचा रविवार

प्रिय पोरी,

तुझा निरोप मिळाला. दुर्बीण कुठली घेऊ, येऊरच्या जंगलात किती वाजता जाऊ आणि पक्षी ओळखायला कसं शिकू, असे तीन प्रश्न. एका दमात उत्तरं देतो: ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) पुरे, पण आत्ता घेऊ नकोस, चांगलं उजाडलं की जा, आणि तिसऱ्यासाठी आधी एक मैत्रीण शोध. चार नकोत, एकच. पुढचं सगळं पत्र तिच्याविषयीच आहे म्हण ना.

आज सकाळी आम्ही दोघं म्हातारे गेलो होतो. उपवन तलावापाशी चहा घेतला आणि वर गेलो. थंडी शिवरात्रीला शिव शिव करत पळते म्हणतात. इथे ती आठ वाजताच पळाली, स्वेटर कमरेला बांधावा लागला. माझा हा मित्र वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा राहून रिटायर झाला. डावा कान जवळजवळ गेलाय. माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं आणि आता एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय. त्यामुळे आमचं असं चालतं की ऐकायचं मी, बघायचं त्याने. मी म्हणतो, ‘उजवीकडे, वर, टुक टुक.’ तो मान वर करून शोधतो आणि म्हणतो, ‘वाळक्या फांदीच्या टोकाला, तांबट.’ दोघांत मिळून एक धडधाकट माणूस तयार होतो. तुम्ही तरुण आहात, तुमचे चारही डोळे शाबूत. तरी दोघींना सारखंच दिसतं असं समजू नकोस. एकीला रंग आधी दिसतो, दुसरीला हालचाल. तुझ्यापेक्षा वेगळं बघणारी निवड. तुझ्यासारखीच असेल तर नुसत्या गप्पा होतील.

आता जागेबद्दल. येऊरला गेलीस की टेकडीचं टोक गाठायची घाई करू नकोस. वनखात्याच्या फाटकावर विचार, परवानगी असेल त्याच पायवाटेने जा आणि वाट जिथे ओढा ओलांडते तिथे थांब. पावसाळ्यात हाच ओढा माणसाला वाहून नेईल असा असतो. आत्ता त्याची धार तुटलीय. मधेमधे फक्त खळग्यांत पाणी उरलंय, एखाददुसरा डोह, बाकी नुसते गोटे. लोक हे बघून नाक मुरडतात, ‘पावसाळ्यात यायला हवं होतं’ म्हणतात. मला विचारशील तर हेच दिवस खरे. पावसाळ्यात पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे कोण कुठे पितं ते कळत नाही. आता डोंगरभर फिरणाऱ्यांना या चार खळग्यांवर यावंच लागतं. तू शोधत फिरायचं नाही, काठाला बसायचं.

आम्ही पाऊण तास बसलो. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही, फक्त माकडं. हीच पंधरा मिनिटं अवघड, यातच मोबाईल बाहेर येतो. मग करडा धोबी आला, गोट्यांवरून तुरुतुरु, शेपूट सारखी खालीवर. नंतर स्वर्गीय नर्तक. नर होता, पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी. फांदीवरून सुळकन पाण्यात, लगेच परत फांदीवर, पंख फुलवून झटकणं, पुन्हा पाण्यात. सहा वेळा. मोजलं मित्राने, मला फक्त ‘चुळुक’ ऐकू येत होतं. हे दोघेही हिवाळी पाहुणे, उन्हाळा तापला की निघतात. म्हणून लवकर जा.

बसल्या जागी वरही बघ. काटेसावर सध्या निष्पर्ण आहे आणि तांबड्या फुलांनी भरलीय. तिच्याखाली पाच मिनिटं उभी राहिलीस तर एखादं फूल ‘थप’ करून पडेल. हातात घेऊन बघ, पाकळ्या जाड, मांसल, चामड्यासारख्या. मधासाठी कोतवाल, मैना, सूर्यपक्षी यांची वर बाजारासारखी भांडणं चाललेली असतात. कोवळ्या झाडाच्या खोडाला काटे असतात, जुन्याचे बरेचसे गळून जातात (काही माणसांचं उलटं होतं, असो). पळस अजून नीट पेटायचाय, तो होळीपर्यंत. सागाची पानं मात्र खाली सडाभर आहेत. एक उचल आणि उजेडासमोर धर. अळ्यांनी मांस खाऊन फक्त शिरा ठेवलेल्या असतात, इतकी बारीक जाळी की आजीच्या क्रोशाची आठवण व्हावी. पण त्यांच्यावर पाय जपून टाक. पानांखालचा दगड दिसत नाही आणि पान घसरतं.

मी स्वतः जपून टाकला नव्हता. काही वर्षांपूर्वी याच ओढ्यात उतरताना घसरलो आणि हाताला येईल तो वेल धरला. वेलाला सोनेरी, मखमली शेंगा होत्या. खाजकुइली! कोपरापर्यंत हात पेटला. मी पाण्याकडे धावलो तर मित्राने दंड धरून मागे ओढलं, काठचा ओला चिखल थापला, वाळू दिला आणि पातीने खरवडून काढला. तेवढा वेळ त्याने एकदाही ‘सांगितलं होतं ना’ म्हटलं नाही. मैत्रीण निवडताना हेही बघ. तिची परीक्षा घ्यायला खाजकुइलीच हवी असं नाही, चुकलेली बस पुरते.

दोनचार गोष्टी पटकन. अंधार पडायच्या आत खाली ये, हा बिबट्याचा डोंगर आहे. कपडे मातकट, अत्तर नको. पाड्यांवरून जाताना कोणाच्या अंगणाचे फोटो काढू नकोस. आणि बोलायचं असेल तर चालताना बोला, पाण्याजवळ नाही.

उतरताना या पाण्याचं पुढे काय होतं तेही बघ. डोंगरावरचं पाणी शहरात शिरलं की त्याला नाला म्हणतात आणि आपण नाकाला रुमाल लावतो. तोच नाला ठाण्याच्या खाडीत पोचतो. आपल्या मैलापाण्यावर तिथे शेवाळ माजतं आणि सध्या रोहित पक्षी थव्याने त्यावर जगताहेत. खाडीचा तो भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. कधीतरी सकाळी वर ओढा आणि दुपारी भरती बघून ऐरोलीला खाडी, असा एकच दिवस कर.

मित्राची एक सवय सांगायची राहिली. दर खेपेला तो डोहाच्या पाण्याला टेकवून एक दगड ठेवतो. मागच्या रविवारचा दगड आज पाण्यापासून दोन विती लांब, कोरडा ठणठणीत होता. आजचा नवा आम्ही ठेवून आलोय, काळा, मधून एक पांढरी रेघ गेलेला. पुढच्या रविवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी नसेन. तुम्ही दोघी जा आणि पाणी त्याच्यापासून किती मागे गेलंय ते मला कळव. वितीनेच मोज, आणि कुणाच्या विती ते लिही.

तुझा,
काका