लिव्हर परत वाढतं, मग सिरॉसिस का भरून येत नाही?

प्रश्न: लिव्हरचा भाग दान केला तरी ते परत वाढतं म्हणतात. मग सिरॉसिस झालेलं, म्हणजे चट्टे पडून कडक झालेलं लिव्हर स्वतःला दुरुस्त का करत नाही? आणि पेशींना कधी वाढायचं, कधी थांबायचं हे सांगतं कोण?

उत्तर: आधी एक क्लिअर करतो, कापलेला भाग परत उगवत नाही, उरलेला भाग मोठा होतो. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी 1931 मध्ये लॅबमधल्या उंदरांचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी एकदोन आठवड्यांत वजन जवळपास पूर्वीइतकं झालं, माणसात याला जास्त वेळ लागतो.

सांगणारा कोणी एकटा नाही. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (तिथल्या रोगप्रतिकारक पेशी) टीएनएफ आणि आयएल-6 हे सिग्नल देणारे प्रोटीन सोडतात, त्याने एरवी शांत असलेल्या यकृतपेशी तयारीला लागतात, मग एचजीएफ आणि ईजीएफ या वाढ करवणाऱ्या प्रोटीनचा सिग्नल आला की त्या विभागायला लागतात, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की एवढ्या धावपळीतही त्या अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन बनवणं, साखर सांभाळणं सोडत नाहीत! पुरेसं वाढलं की टीजीएफ-बीटा हे प्रोटीन आणि हिप्पो नावाची सिग्नलची साखळी ब्रेक लावते.

पण हे सिग्नल नुसतं वाढ-थांब सांगत नाहीत, तू कोण आहेस हेही तेच ठरवतात. लिव्हरच्या प्रत्येक बारीक खंडाच्या मधोमध एक शीर असते, तिच्या अस्तरातून विंट प्रोटीन सुटतात, म्हणून तिच्या जवळच्या पेशी औषधं तोडणारे एन्झाइम जास्त बनवतात, आणि म्हणूनच पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाला की पहिला मार तिथेच बसतो. हिप्पोचा ब्रेक काढून त्याने एरवी दाबून ठेवलेलं यॅप हे प्रोटीन सतत चालू ठेवलं तर उंदरात चांगली यकृतपेशी पित्तनलिकेच्या पेशीसारखी व्हायला लागते, म्हणजे ओळख एकदा मिळाली की कायमची असं नाही, ती सतत टिकवावी लागते.

आता सिरॉसिस. ऑपरेशनमध्ये इजा एकदाच होते आणि उरलेलं लिव्हर निरोगी असतं. इथे दारू, व्हायरस किंवा चरबीमुळे मार वर्षानुवर्षं चालूच राहतो, टीजीएफ-बीटामुळे लिव्हरमधल्या स्टेलेट पेशी कोलॅजन, म्हणजे चट्ट्यांचे धागे, टाकत राहतात, रक्ताच्या वाटा बदलतात आणि यकृतपेशींना नेहमीचे सिग्नल नीट मिळत नाहीत. त्या विभागतात, नाही असं नाही, पण चट्ट्यांच्या मधे नुसत्या गाठी होतात, नीट रचना जमत नाही. मूळ कारण लवकर थांबवलं, म्हणजे हेपटायटिस सीवर उपचार घेतले किंवा दारू पूर्ण सोडली, तर चट्टे काही प्रमाणात विरघळूही शकतात, त्यामुळे सिरॉसिसचं नाव ऐकून उपचार सोडू नका प्लीज.