स्कॉलरशिप देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर

अरे, पहिली गोष्ट म्हणजे स्कॉलरशिप मिळवायला आधी पैसे भरायचे नसतात. राज्य सरकारचं महाडीबीटी पोर्टल घे नाहीतर केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, अर्जाला फी नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे शे-दोनशे घेतो ती त्याची मजुरी, ते वेगळं.

माझा भाऊ फर्स्ट इयरला असताना त्याला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "अभिनंदन, ५०,००० मंजूर, प्रोसेसिंग फी १,४९९", वर अशोकस्तंभ पण चिकटवलेला, आणि पठ्ठ्याने अर्जच केला नव्हता कुठे, तरी भरले!

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- या दोन्ही सरकारी साइटचं नाव 'गव्ह डॉट इन'ने (gov.in) संपतं. मधे कुठेतरी गव्ह घुसवलेलं असेल तर सोड.
- ओटीपी कुणाला सांगायचा नाही. कॅफेत बसलास तर स्वतः टाईप कर, निघताना लॉगआउट कर, पासवर्ड त्याच्या वहीत लिहून ठेवू देऊ नको (सगळे ठेवतात).
- पैसे आधार लिंक असलेल्या खात्यात थेट येतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला की समज तुझेच जाणार.

शंका आली तर कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर जाऊन विचार, क्लार्क खेकसेल पण खरं सांगेल. आणि गेलेच पैसे तर लाजत बसू नको, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.