दहा-बारा गावरान कोंबड्या पाळताय? आधी एवढं सांभाळा

पिंजरा, खाद्य नंतर बघू. परसातला कळप एका आठवड्यात रिकामा करते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिच्यावर औषध नाही, फक्त लस.

पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा ही राणीखेतची पहिली लस, डोळ्यात एक थेंब. पिल्लाने डोळा मिचकावून थेंब आत घेतला की मगच खाली सोडा. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्याला आर२बी, म्हणजे राणीखेतचीच जास्त कडक लस, टोचून घ्या. लासोटा न दिलेल्या पिल्लांना थेट आर२बी नको, झेपत नाही. कुपी बहुधा १०० डोसची असते, तेव्हा शेजाऱ्यांची पिल्लंही त्याच दिवशी गोळा करा. लस बर्फातच आणा, तिच्या द्रावणात कालवली की दोन तासांत संपवा. उरलेली उद्याला ठेवू नका. ते नुसतं पाणी.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बाजारातली कोंबडी थेट कळपात सोडणं. तीन आठवडे वेगळी ठेवा, दाणापाणी तिला शेवटी.
- मर सुरू झाल्यावर लस शोधणं.
- मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकणं. चुना घालून खोल पुरा.

गंबोरो, देवी या दुसऱ्या रोगांचं पुढे बघू. एकाएकी बऱ्याच मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.